परातीतलं लाल पाणी

मुलांनो, जरा कल्पना करा. कोपरीतल्या एका चाळीचं अंगण. गुरुवारची दुपार. पन्नासेक माणसं दाटीने बसली आहेत आणि मधल्या पाटावर तुमची आई आहे. तिच्या दोन्ही गालांवर, नाकावरून पसरलेला तांबडा चट्टा आहे, पंख उघडलेल्या फुलपाखरासारखा. त्या चट्ट्याला भिऊन यंदा संक्रांतीला शेजारणींनी तिला हळदीकुंकवाला बोलावलं नाही. आज मात्र सगळ्या तिच्याचकडे बघताहेत.

सहावीतल्या अक्षदाची आई, वैशाली, अशीच बसली होती.

समोर विश्राममहाराज. भगवी लुंगी, मनगटात स्मार्ट घड्याळ. त्यांनी वैशालीच्या तळहातांना ओली हळद चोळली आणि प्लास्टिकची बाटली उंच धरली.

"हे खडवलीच्या डोहातलं पाणी! आमच्या गुरूंनी यात तीन तास डोक्यावर उभं राहून जप केलाय!"

"पाण्यात डोक्यावर? नाकात नाही गेलं?" मागून कुणीतरी विचारलं.

"श्रद्धा नसेल त्याच्या जातं!" महाराज गरजले. "चल गं भवाने, सोड हिला! नीघ बाहेर!"

पाणी हातांवर पडलं आणि खालच्या परातीत लालभडक धार लागली. बायकांनी तोंडाला पदर लावले.

"बघा, विषारी रक्त! कुणीतरी करणी केलीय. असे अकरा गुरुवार करायचे. आणि त्या डॉक्टरच्या गोळ्या बंद. औषध आणि मंत्र एका अंगात नांदत नाहीत."

खोलीत परतल्यावर वैशालीने गोळ्यांची पाकिटं फडताळात टाकली.

"आई, डॉक्टर मॅडम ओरडतील."

"अकरा गुरुवार गं फक्त. मग पुढच्या संक्रांतीला मलाही बोलावतील."



तिसऱ्या गुरुवारपर्यंत वैशालीचे पाय सुजले. चपला पायात जाईनात. उन्हाने चट्टा वाढतो म्हणून खिडकीला दिवसभर पडदा असे. वडील एसटीच्या खोपट डेपोत कंडक्टर. लांबच्या गाडीवर गेले की दोन-दोन दिवस येत नसत. मैत्रिणी खेळायला यायच्या बंद झाल्या होत्या. शाळेतून आल्यावर अक्षदा भांडी घासायची, कपडे धुवायची आणि स्वतःशीच बोलायची.

अशाच एका दुपारी ती आईचे हात पुसलेला टॉवेल धुवत होती. हळदीच्या डागावर कपड्यांचा साबण फिरवला आणि डाग लाल झाला. महाराजांच्या परातीतल्यासारखा.

तिने ताटलीत हळदीचे ठिपके काढले. एकावर मीठ टाकलं, काही नाही. साखर, काही नाही. लिंबू, पिवळं ते पिवळंच. खायच्या सोड्याने जरा तांबूस झालं. मग ती शेजारच्या गंगुबाईंकडे गेली. त्या पान खायच्या.

"आजी, जरासा चुना द्या ना."

"कशाला गं? या वयात पान?"

"हळदीवर टाकायचाय."

"अगं येडे, त्यात काय बघायचंय? लाल होणार! आमच्या गावी हळदीला चुना लावूनच कुंकू करायचे."

बोलता बोलता गंगुबाई थबकल्या. महाराजांच्या परातीपुढे सगळ्यात आधी हात जोडले होते ते त्यांनीच. जन्मभर हळदीकुंकवाचा करंडा हाताळलेल्या या बाईला परातीत मात्र रक्त दिसलं होतं.

चौथ्या गुरुवारी अक्षदा दोन्ही तळहातांना हळद लावून पुढे गेली.

"महाराज, माझे हात धुवा."

"तुला काय झालंय, पोरी?"

"काहीच नाही. म्हणूनच."

"लहान मुलांवर ही विद्या चालत नाही."

"का हो?" गंगुबाई म्हणाल्या. "पाणी चावतं का पोरीला?"

लोक हसले. तेवढ्यात गंगुबाईंनी बाटली उचलून अक्षदाच्या हातात दिली. अक्षदाने उजवा हात नळाच्या पाण्याने धुतला. पाणी पिवळं. डाव्यावर बाटलीतलं ओतलं. लालभडक.

"माझ्या अर्ध्याच अंगात विष आहे का, महाराज?"

बाटलीत होती चुन्याची निवळी. चुना पाण्यात कालवून, तळाशी बसू देऊन, वरचं नितळ पाणी भरलेलं.

"ही जागाच बाटलेली आहे!" म्हणत महाराज रिक्षात बसले. लोक हसत पांगले. वैशालीच्या दाराशी मात्र कुणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी वडील परतले आणि तिघं सरकारी रुग्णालयात गेली. लघवीतून प्रथिनं जात होती. मूत्रपिंडाला सूज आली होती.

"या गोळ्या मनाने कधीच बंद करायच्या नसतात," डॉक्टर मृणाल म्हणाल्या. "वेळेवर आलात. अजून सावरता येईल."

"पण आईला झालंय काय?" अक्षदाने विचारलं.

डॉक्टरांनी केसपेपरच्या मागे एक बेचकी काढली. "हे प्रतिपिंड. रक्तातले पहारेकरी. बेचकीच्या दोन टोकांनी जंतूला धरतात आणि मुठीकडून मदतीला हाक मारतात. यांच्यातल्या एका मोठ्या गटाचं नाव आयजीजी. त्यात चार भावंडं. पहिलं आणि तिसरं मोठ्याने हाक मारतात, दुसरं हळू, चौथं जवळजवळ गप्प. तुझ्या आईच्या आजाराला ल्युपस म्हणतात. यात पहारेकरी चुकून आपल्याच पेशींना धरतात. धरणारी भावंडं मोठ्याने हाक मारणारी असली की धावून आलेली फौज मूत्रपिंडासारखा नाजूक भाग जाळते. गोळ्या त्या फौजेला आवरतात."

"मग करणी?"

"बाहेरचं कुणी नाही गं यात."

"पण आईचेच पहारेकरी का चुकले?"

"ते आम्हाला अजून पूर्ण कळलेलं नाही."

अक्षदाला हे उत्तर आवडलं. महाराजांना सगळंच कळत होतं.

मुलांनो, कुणी चमत्कार दाखवला तर तोच प्रयोग निरोगी हातावर, साध्या पाण्याने करून मागा. जो नाही म्हणेल त्याच्या शब्दावर औषध सोडू नका. आणि ल्युपसचा चट्टा शिवल्याने कुणाला लागत नाही. कुंकू लावणाऱ्या बोटाला तर नाहीच.

घरी आल्यावर अक्षदाने करंडा उघडला. आईच्या कपाळाला हळद लावली, कुंकू लावलं. तिळगूळ नव्हता, म्हणून तिच्या तळहातावर गोळी ठेवली आणि पाण्याचा पेला पुढे केला. आईने गोळी गिळेपर्यंत ती बघत राहिली. मग करंडा आईकडे सरकवून तिने आपलं कपाळ पुढे केलं.