एकोणीस थेंबांचा स्रोत

पाणी फोडता येतं हे आमच्या गावाला करुणानं शिकवलं, आणि गावानं तिचे चांगलेच पांग फेडले.

करुणा ही आमच्या शेजारच्या शेषरावांची मुलगी. पीएचडी करते. उन्हाळ्यात कॉलेजची लॅब बंद, म्हणून तिनं घराच्या मागच्या खोलीत बरणी मांडली आणि सोलर-बॅटरीवर चालू केली. बरणीत निकेलची जाळी, जाळीवर डोळ्यांना न दिसणाऱ्या लाखो सुया, तिनंच वाढवलेल्या. या सुयांमुळे थोड्या विजेत पाणी फुटतं आणि हायड्रोजन निघतो. सुया झडत नाहीत हे सिद्ध करायला बरणी सलग दोनशे तास चालायला हवी होती. मध्येच थांबली तर सगळं पहिल्यापासून. आणि प्रबंध द्यायची मुदत तोंडावर आलेली.

आमच्याकडं पाणी टँकरचं, माणशी एक घागर. त्यातलं तांब्याभर पाणी ही पोरगी फोडून खिडकीतून हवेत सोडते म्हटल्यावर लोकांचं पित्त खवळलं. सरपंच अमृतराव दारात येऊन गरजले, "पाणी काहून फोडून राहिली, पोरी? गावाचं हाय ते. परत दे!"

करुणाही हजरजबाबी शेषरावांचीच लेक. "घ्या की परत, काका," म्हणाली. निघणारा वायू तिनं नळीच्या तोंडाशी पेटवला आणि वर स्टीलचं गार ताट धरलं. ताटावर ओल आली, थेंब ओघळले. अमृतरावांनी ते मोजले, एकोणीस. एक चाटूनही पाहिला. ग्रामसेवकानं रीतसर पंचनामा केला: 'यंत्रातून पाणी निघाले. चवीस गोड.' खाली सात सह्या, त्यातली एक माझी. तेव्हा माझी अक्कल शेण खायला गेली होती.

पंचनामा तालुक्याला पोचला आणि चार दिवसांत टँकर बंद. कागद आला, गावात पर्यायी स्रोत उपलब्ध आहे. मग बायांनी करुणाच्याच दारात घागरींची रांग लावली. मधूनमधून एखादी आत डोकावून विचारायची, "आलं का वं?"

बोंबाबोंब झाली तेव्हा टँकरचे साहेब जीप घेऊन आले. त्यांनी बरणीतल्या बुडबुड्यांकडं बोट दाखवलं. "स्रोत तर चालू आहे. चालू स्रोत रद्द करता येत नाही. आटलेला करता येतो. माझ्यासमोर आटला तर आत्ता लिहितो, नाहीतर पुढच्या महिन्यात बघू."

करुणानं घड्याळ पाहिलं. एकशे सत्त्याण्णव तास झाले होते. मग तिनं रांगेकडं पाहिलं आणि स्विच बंद केला. साहेबांनी 'स्रोत आटला' असं लिहिलं. चहाला घरात पाणी नव्हतं, म्हणून ते तसेच निघाले.

जीप दिसेनाशी झाल्यावर पोरगी उंबऱ्यावर बसून ढसाढसा रडली. मला तर तोंड लपवायला जागा उरली नाही. शेषरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "किती राहिलं होतं?"

"तीन तास."

"तीनच?" शेषरावांनी कपाळ बडवलं. "मंग आधी सांगायचं न्हाई का, माय? साहेबाच्या जीपची हवा सोडली असती आमी! पंक्चरवाला पुसेगावात. जाऊन येऊन तीन तास बराबर!"