शुक्रवारची मुकी सभा

शिरूरच्या ख्रिस्ती बायकांच्या शुक्रवारच्या घरसभेचा क्रम ठरलेला. गीत, वाचन, सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना, मग एकेकीनं आपल्या मनानं करायची प्रार्थना, शेवटी चहा. १९९७ साली रूथबाई चिटणीस झाल्या आणि मनाची प्रार्थना बिघडली.

रूथबाई शाळेत मराठी शिकवायच्या. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात त्यांच्या गावाकडच्या बोलण्याला मुली हसल्या होत्या. आपल्या बायकांना कुणी हसू नये, एवढंच त्यांना हवं होतं. म्हणून त्यांनी फर्मावलं, देवासमोर शुद्धच बोलायचं. कुणी चुकलं की प्रार्थना थांबवून त्या दुरुस्ती करत.

गीत. जोरात.

वाचन. छान.

मनाची प्रार्थना. "हे प्रभो, आम्ही तुझे आभारी आहोत. आमेन." सिंधूबाईंची हीच. ग्रेसची हीच. बाकीच्यांची नुसती आमेन.

चहा. लवकर झाला.

रूथबाईंना वाटलं, सुधारणा होतेय. वाचकहो, चुका थांबल्या की आपल्यालाही असंच वाटतं की नाही?

पुढं त्यांचे यजमान दानिएल, दौंडला रेल्वेत होते, त्यांचं मूतखड्याचं ऑपरेशन ठरलं. आदल्या दिवशी शुक्रवार. रूथबाई सभेत म्हणाल्या, मला भीती वाटते, प्रार्थना करा.

"हे प्रभो, आम्ही तुझे आभारी आहोत..." सिंधूबाई अडकल्या. आभारी कशाबद्दल, मूतखड्याबद्दल?

कुणीतरी खुदकन हसलं. बाकीच्यांनी घाईघाईनं आमेन म्हटलं. रूथबाईंचे डोळे भरून आले.

सगळ्यांत वडील रंगुबाई. त्यांनी रूथबाईंचा हात धरला.

"रूथ, तुझी भाषा वाईट न्हाई गं. प्रभूची प्रार्थना समद्यांची एक हाय, म्हणून नगरची, पुन्याची बाई शेजारी बसली तरी संगं म्हनती. ती पायजेच. पर ज्याचं त्याचं दुखनं सांगाया उसनी भाषा कुठून आनू? आता तूच कर प्रार्थना. घरी बोलती तशी."

"हे दयाळू पित्या..." रूथबाई थांबल्या. आणि एकदम बांध फुटला! "देवा, मला लई भ्या वाटतंय रं! त्यांच्याबिगर मला करमत न्हाई!"

मग काय! ग्रेसनं डॉक्टरसाठी त्या रात्रीची गाढ झोप मागितली, सिंधूबाईंनी त्याचा हात थरथरू नये म्हणून देवाला बजावलं, आणि दानिएलभाऊंना हितून पुढं भरपूर पाणी प्यायची बुद्धी दे, असंही सुचवलं. रूथबाई रडता रडता हसल्या.

ऑपरेशन नीट झालं. रूथबाई आता बुधवारी, ज्यांना हवी त्यांना, पुस्तकी मराठी शिकवतात. वर्ग भरतोही. शुक्रवारी मात्र त्या कुणाला दुरुस्त करत नाहीत.

मंडळी, सगळ्यांची मिळून एक भाषा असावी, ती प्रत्येकाला यावी. पण ती येईपर्यंत कुणाचं तोंड बंद करू नये!