गिरणीकडची खिडकी

मी हेमलता. प्रथिनांवर डॉक्टरेट, जळगावच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा, आणि डोक्यात नऊ वर्षांचा माज. तो कसा उतरला, तेच सांगते.

माझं काम सिकलसेलवर. सातपुड्याच्या पायथ्याला पाड्यापाड्यांवर हा रक्ताचा आजार. मधूनच हाडं ठणकायला लागतात, लेकरू तडफडतं. वेळेत दवाखाना गाठला तर वाचतं. पण साधं दुखणं कुठलं नि जिवावरचं कुठलं, हे आधी कळायचं कसं? मला ते रक्तात शोधायचं होतं. मास स्पेक्ट्रोमीटर नावाचं यंत्र प्रथिनांचे तुकडे तोलतं नि पडद्यावर रेघा काढतं. त्यात एक अनोळखी रेघ सापडली. रुग्णांच्या रक्तात असायची, निरोगी माणसांच्या नसायची. थंडीत दुखणी वाढली की तीही वाढायची. अहो, मी नाचले होते त्या दिवशी!

एका पाड्यावरचे बासष्ट रुग्ण रक्त द्यायला तयार झाले ते तिथल्याच सुकाभाऊमुळे. त्याची बारा वर्षांची शीतल त्यांच्यातलीच एक.

"ताई, तुमनं मशीन सांगी ना, पोरले दवाखानामा कधी लई जानं ते?" तो दर खेपेला विचारायचा.

"सांगेल, सांगेल," मी म्हणायचे. जसं काही मशीन माझ्या माहेरचं.

गेल्या संक्रांतीला शीतलचं अंग ठणकायला लागलं. सुकाभाऊ तिचं रक्त बर्फाच्या डब्यात घालून एसटीने जळगावला आला, देऊन तसाच परत गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पडदा पाहिला. रेघ जवळजवळ नव्हतीच. मी हौसेने फोन केला, "काही नाही सुकाभाऊ, साधं दुखणं आहे. घरीच राहा, पाणी भरपूर पाजा." त्या रेघेची खात्री अजून कुणीच करून घेतलेली नव्हती, आणि मी काही औषधं देणारी डॉक्टर नव्हे. तरी बोलले.

फोनच्या दुसऱ्या सकाळी शीतल गेली.

एखादा अपवाद असतोच, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि शोधनिबंध पाठवून दिला. लाज नावाची चीजच नाही!

एप्रिलमध्ये परीक्षकाची एक ओळ आली: हा तुकडा वनस्पतीचा तर नाही ना, तपासलंत का? मला हसू आलं. माणसाच्या रक्तात वनस्पती? तरी तपासलं. तुकडा तुरीच्या दाण्यातला निघाला.

नमुने तयार करायच्या आमच्या खोलीची खिडकी डाळ गिरणीकडे उघडते. तिची फट बुजवायची राहिली ती राहिलीच. रुग्णांचे नमुने मी त्या खोलीत करायचे, निरोगी माणसांचे धुळ्याला माझा मित्र प्रेमराज त्याच्या कॉलेजात करून पाठवायचा. दुखणी वाढतात थंडीत, आणि नवी तूर गिरणीवर येते तीही थंडीतच. नऊ वर्षं मी डाळीची धूळ मोजत होते. आणि संक्रांतीला गिरणी दोन दिवस बंद होती.

प्रेमराजला फोन केला.

"निबंध मागे घे," तो म्हणाला. "पण त्या माणसाला कशाला सांगतेस? पोरगी परत येणार आहे का?"

"तू गप्प बस!" मी ओरडले. खरं तर मलाही तेच हवं होतं, न सांगणं. म्हणून तर ओरडले.

पाड्यावर गेले. शीतलच्या आईने, मोगराबाईने, खाट टाकली, चहा ठेवला. मी सगळं सांगितलं. खिडकी, धूळ, तूर, बंद गिरणी.

"त्या मशीनला शीतलचं काहीच कळलं नव्हतं, सुकाभाऊ. मी उगाच सांगितलं तुम्हाला. मलाच काही माहीत नव्हतं."

बोलता बोलता मी रडायला लागले. इथे येऊन मीच रडतेय, याचा मलाच संताप आला.

मोगराबाईने चुलीवरचा चहा उतरवला. मग सुकाभाऊ बोलला. आवाजात राग नव्हता.

"त्या दिन मी जीप सांगेल व्हती, ताई. पोरले जीपमा बसाडेल बी व्हतं. तुमना फोन उना, नि तिले उतारी लिधं."