चिकटवलेली चार पानं

मी एक कादंबरी बोलतेय. जाडजूड, मळखाऊ निळ्या पुठ्ठ्याची. वाचनालयाने जुनी म्हणून काढून टाकलेल्या पुस्तकांच्या ढिगातून एका आईने मला उचललं, तेव्हा वाटलं, सुटले एकदाची! पण त्या घरात पुस्तकाला थेट कपाटात जागा मिळत नसे.

ही आई मुलींना शाळेत न घालता घरीच शिकवायची. सकाळी प्रार्थना, पवित्र शास्त्रातला एक अध्याय, मग गणित, मग वाचन. प्रत्येक पुस्तक आधी ती स्वतः वाचायची, तांदळातले खडे वेचावेत तसं.

गेल्या वर्षी धाकटी तापाने तीन दिवसांत गेली. तेव्हापासून सतरा वर्षांच्या थोरलीने पुस्तक मिटलं ते मिटलंच. प्रार्थनेला बसे, पण ओठ हलत नसत. आई हवालदिल झाली. एक गेली होती, दुसरी डोळ्यांदेखत दुरावत होती. योग्य पुस्तक मिळालं तर लेक परत येईल, एवढीच तिला आशा. तिने सात पुस्तकं निवडून आणली. थोरलीने सातही परत केली. "यात सगळे लगेच बरे होतात," एवढंच म्हणाली.

आठवी मी.

माझ्या बाराव्या प्रकरणात एक बाप लेकराला पुरून घरी येतो आणि देवाशी भांडतो. ती चार पानं आईने किती वेळा वाचली, मोजदाद नाही. चर्चच्या पाळकांच्या पत्नीचा सल्ला घेतला. त्या म्हणाल्या, पुस्तक गुणाचं आहे, पण जखम ताजी आहे, जपून द्या. आईने 'जपून'चा अर्थ आपल्या परीने लावला. खळ घेतली आणि ती पानं एकमेकांना चिकटवून टाकली. माझा जीव गुदमरला, पण सांगणार कोणाला?

आणि थोरलीने नेमकं मलाच वाचायला घेतलं. आठवडाभर खाली ठेवलं नाही. ती चार पानं किती जवळ आली, ते आई दाराआडून बघायची. शेवटी ते जाड पान आलंच. थोरलीने सुरी घातली. पानं सुटली नाहीत, फाटली. अर्धीमुर्धी वाक्यं तेवढी हाती लागली.

मला घेऊन ती तडक स्वयंपाकघरात गेली. "इथे काय होतं?"

आई भांडी घासत राहिली. मग नळ बंद करून पाठमोरीच बोलली. तिला ते पाठ होतं. "'देवा, तू त्या खोलीत होतास ना? मग माझ्या लेकराचा हात का नाही धरलास?'"



"तूही विचारतेस?" थोरली म्हणाली.

"रोज. उत्तर येत नाही. तुझी श्रद्धा जाईल म्हणून लपवलं."

"मला वाटायचं, तू तिला विसरलीस."

आईने ओले हात पदराला पुसले आणि मला तिच्या हातातून घेऊन बारावं प्रकरण उघडलं.

आता दोघी मला मोठ्याने वाचतात. थोरली अजून प्रार्थना करत नाही. आईची भीतीही गेलेली नाही. माझी शिवण उसवतेय, शेवटपर्यंत टिकेन की नाही, देव जाणे. पुस्तकं निवडणाऱ्या आयांनो, पारखून घ्या, जरूर घ्या. पण जे पान वाचताना तुमचाच श्वास अडकला, ते एकट्याने सोसू नका. लेकरांजवळ बसून वाचा.

त्या फाटक्या पानांपाशी आई अडखळली की थोरली मला आपल्याकडे ओढते आणि पुढची ओळ वाचू लागते.