तीन खिळ्यांवर एकशे नऊ

मित्रांनो, मी फळी आहे. जुनी म्हणजे किती जुनी, ते विचारू नका, कारण मी खरं सांगणार नाही. मूळची मी मुडबीच्या एका धान्याच्या बळदाच्या दाराला होते. नवाबाचा हत्ती उधळला तेव्हा त्यानं मला लाथ घातली आणि पुढं महिनाभर तोच लंगडत होता. ज्याला पटत नसेल त्यानं हत्तीला विचारावं.

पुढं सुतारानं मला रंधा मारला, काळा रंग दिला, तीन खिळे ठोकले आणि मंठाळच्या शिवारातल्या आठ पत्र्यांच्या ख्रिस्ती प्रार्थनामंदिरात भिंतीवर टांगलं. गोडेतेलाच्या डब्याचा पत्रा कापून आकडे केले. दर ऐतवारी ते माझ्या खिळ्यांवर चढतात आणि मंडळीला कळतं, आज बायबलातलं कितवं स्तोत्र गायचं.

आमचे पाळक बसवकल्याणहून महिन्यातून एकदा येतात. बाकीच्या ऐतवारी घरागणिक पाळी. ज्या घराची पाळी, त्यानं आकडा लावायचा, उभं राहून दोन शब्द मनन सांगायचं, मग सगळ्यांनी गायचं. तेही अख्खं. मधलं सोडलं तर देवाला उष्टं वाढल्यासारखं, असं इथं मानतात. पुस्तकं चारच, आणि वाचणारे त्याहून कमी. म्हणून एकीनं ओळ द्यायची आणि मंडळीनं ती परत म्हणायची.

माझे फार लाड झाले. तेविसावं इतक्यांदा लागलं की दोनाचा आणि तिनाचा पत्रा झिजून पापडासारखा झाला. पण माणसं देवाशी बोलता बोलता शेजाऱ्याशीही बोलून घेतात. कुणाची कोंबडी चोरीला गेली, की तो नेमकं दुष्टांचे दात पाडणारं स्तोत्र लावायचा. सगळी मंडळी गायची आणि ज्यानं कोंबडी खाल्ली तो सर्वांत मोठ्यानं गायचा.

तीस वर्षं ओळ दिली ती गुरुबाईनं. विधवा, मूलबाळ नाही, अक्षरओळख नाही, पण दीडशेच्या दीडशे स्तोत्रं तोंडपाठ. एरवी तिला कुणी विचारत नसे. ऐतवारी मात्र तिनं तोंड उघडल्याशिवाय चाळीस माणसं गप्प बसून राहत. त्या एका तासावर ती आठवडा काढायची.

मंडळीचा पंच होता मल्लप्पा, तिचा धाकटा दीर. एका ऐतवारी तो सगळ्यांसमोर उभा राहिला.

"वैनी, तुमचे दात गेल्यापासून तुम्ही गायलाव का फुकणीनं चूल फुकायलाव, देवालाच समजंना झालंय. पुढल्या ऐतवारपासून आमची मंजुश्री ओळ दील."

मंडळी हसली. मीही हसले, खोटं कशाला बोलू. मंजुश्री म्हणजे मल्लप्पाची सून, प्रेमानंदची बायको, बीदरला गाणं शिकून आलेली. ती तेवढी हसली नाही.

पुढच्याच ऐतवारी पाळी गुरुबाईच्या घराची होती. ती सकाळीच आली. प्रेमानंद सतरंजी अंथरत होता. हा तिचा पुतण्या, तिच्या मांडीवर वाढलेला. तिनं एक, शून्य, नऊ असे आकडे माझ्यावर चढवले. त्यानं वर पाहिलं.

"थोरली आई, एकशे नऊ कामून?"

"तुझ्या बापासाठी. त्यात एक ओळ हाय, ह्याच्या कामावर दुसरा बसू दे म्हणून. ती त्याला ऐकू जाऊ दे."

"आन् बाकीच्या? लई कडू हायत त्या. बायको, लेकरं, कुणालाच सोडलं न्हाई."

"त्या उगं संगं आल्यात रे. मला एकच पाहिजे."

"एकच कसं म्हणाव? सगळंच म्हणावं लागतंय." तो हसला. "माझ्या नावानं न्हाई लावलंव ना?"

"तुझ्या नावानं कशाला लावू? तू तर माझा."

आकडा काढायला त्यानं हात उचललाही होता. मग म्हातारीचं तोंड बघून खाली घेतला.

मननाला गुरुबाई उभी राहिली आणि म्हणाली, "ज्याला समजायचं त्याला समजंल." मंजुश्रीनं ओळ द्यायला सुरुवात केली. दिवस थोडे होवोत. कामावर दुसरा बसो. लेकरं पोरकी होवोत. बायको विधवा होवो. गोड गळ्यानं तिनं एकेक ओळ दिली आणि चाळीस माणसांनी टाळ्या वाजवत परत म्हटली. मल्लप्पाला समजलं होतं, म्हणून तो मुद्दाम जोरात गायला.

त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात बीदरजवळच्या कोळारच्या कारखान्यातून येताना प्रेमानंदच्या गाडीला टँकरनं उडवलं. तो जागीच गेला.

मित्रांनो, मी हत्तीच्या पुष्कळ थापा मारल्या, पण हे खरं आहे. पत्र्याच्या आकड्यानं माणूस मरत नाही. टँकरवाल्याचा डोळा लागला होता. पण गावाला टँकर लांब आणि गुरुबाई जवळ. नळावर ती आली की बाया घागरी उचलू लागल्या. तिच्या शेजारची सतरंजी रिकामी राहू लागली. वाईट एवढंच, की ती स्वतःही त्यांच्याच बाजूची होती; आपल्याच आकड्यानं पोर गेलं, असं तिलाही वाटे.

मग मल्लप्पाच्या घराची पाळी आली. त्यानं एक, शून्य, नऊ लावले. मनन सांगितलं, "ज्यानं हे माझ्या घराला लावलं, त्यानंच आज म्हणावं. उठा वैनी. लई हौस हाय न्हाई का तुम्हाला ओळ द्यायची?"

आणि ती उठली. तिची जागा तिला परत मिळाली होती. तिनं ओळ दिली, मंडळीनं परत म्हटली. दुसरी दिली. फाटका, बोबडा गळा, पण एक शब्द चुकला नाही. पोरक्या लेकरांची ओळ झाली. पुढची विधवेची. तिथं तिनं तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं.

मल्लप्पा म्हणाला, "थांबलाव कामून? अर्धं सोडत न्हाईत आपल्यात."

"बसा, थोरल्या आत्या," मागून मंजुश्री म्हणाली. "तुम्हाला जमंना. ही ओळ माझी हाय, मी देते."

तिनं ती ओळ दिली. म्हातारीकडं बघत, अगदी सुरात. आणि मंडळीनं, मित्रांनो, ती परत म्हटली.

त्या दिवसापासून ओळ कायमची मंजुश्रीकडं गेली. गुरुबाई अजून येते. चपलांपाशी बसते आणि दुसऱ्यांच्या मागून पुटपुटते. पाळी तिच्या घरापाशी येते आणि उडी मारून पुढच्या घरी जाते.

मला वर्षातून एकदा तेलानं पुसा, वाळवी बघा, एवढं मी मागणारच. पण आणखी एक मागते. मी लाकूड आहे. कुणी काहीही लावलं तरी मला ते धरून ठेवावं लागतं. त्या दोन्ही ऐतवारी इथं चाळीस माणसं होती, म्हणजे ऐंशी हात. कुणीही उठून तो पत्रा खाली काढू शकलं असतं. तुम्ही बसलेले असाल, तेव्हा उठा.