एक्स-रे काढणारीचं मत

माझी बायको इस्पितळात एक्स-रे काढते. त्यात काय दिसलं हे पेशंटला सांगायची तिला परवानगी नाही. "डॉक्टर सांगतील" एवढंच म्हणायचं. पण तिची खूण मला ठाऊक आहे. सगळं ठीक असलं की ती "चला, कपडे घाला" म्हणून खेकसते. वाईट काही दिसलं, तर मऊ आवाजात विचारते, "पाणी देऊ का?"

अशा बाईला मी माझी पहिली कादंबरी वाचायला दिली. सोमवारी बाड प्रकाशकाकडे न्यायचं होतं, आणि ऑफिसात मी हे इतक्या जणांना सांगून ठेवलं होतं की आता माघार म्हणजे नाचक्कीच. शिवाय आपला तो बाब्या! अर्पणपत्रिका तर पहिल्या प्रकरणाच्याही आधी लिहून झाली होती.

ती बाहेर वाचत बसली आणि मी स्वयंपाकघरात एकच कप पुन्हा पुन्हा विसळत राहिलो. नायकाच्या मृत्यूला ती खुदकन हसली. थोर शोकांतिकेत असं व्हायचंच, अशी मी मनाची समजूत घातली.

रविवारी दुपारी तिनं शेवटचं पान उलटलं.

"पाणी देऊ का?"

"मी पेशंट नाहीये. काय ते सरळ सांग."

"सरळ? तुझा नायक खिडकीत उभा राहून फार बोलतो. मेला तेव्हा हायसं वाटलं रे."

नायक म्हणजे मीच होतो, फक्त केस दाट केले होते.

"म्हणजे सगळंच टाकाऊ?"

"नाही." तिनं मधली चार पानं वेगळी काढली. त्यांत एक म्हातारी इस्पितळातल्या खाटेवर बसून मुलाच्या शर्टाचं बटण शिवते. दोरा ओवताना तिचे हात थरथरतात, ते बघवत नाही म्हणून मुलगा बाहेर निघून जातो. मजकूर कमी पडला म्हणून मी ती पानं घाईघाईत घुसडली होती. उपमा घालायलाही वेळ मिळाला नव्हता.

"या तुझ्या आई ना?" तिनं विचारलं. "इतकी वर्षं विचारतेय, शेवटी कशा होत्या, तर म्हणतोस, 'बरी होती.'"

'छे, काल्पनिक आहे,' असं लेखकाला शोभणारं उत्तर ओठांवर आलं होतं. पण रडूच फुटलं. तिनं सरकून मला जागा करून दिली. मग मी सगळं सांगितलं. मी परत आलो तेव्हा आईनं ते बटण शर्टासकट चादरीलाही शिवून टाकलं होतं, आणि नर्स ओरडेपर्यंत आम्ही दोघं कसे हसत होतो, तेही.

सोमवारी बाड घरीच राहिलं.

"अरे, पण हे चादरीचं यात का नाही लिहिलंस?" आदल्या दिवशी बायकोनं विचारलं होतं.

मला ते साहित्यिक वाटलं नव्हतं.