तनयाच्या घोट्यावरचा पट्टा

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे, घोट्याला बांधायचा. माझं इलॅस्टिक सैल पडलंय, रंग उडालाय, पण ऐट अजून आहे! फरीदाबादच्या एका कारखान्यात मी शिवला गेलो. दिल्लीच्या करोल बागेतल्या दुकानातून कुमुदताईंनी मला त्यांच्या लेकीसाठी, तनयासाठी, घेतलं.

तनया कॉलेजच्या खो-खो संघात होती. पळायला भारी चपळ, पण खांबाशी वळली की उजवा घोटा मुरगळायचा. दोन वर्षं मी तो आवळून धरला. मैदानावर मैत्रिणी म्हणायच्या, "यार, तेरा पट्टा तो कमाल है!" मी फुगून जायचो. खरं सांगू? मुरगळणं काही थांबलं नव्हतं.

मग एका नव्या रुग्णालयात डॉक्टर विजयालक्ष्मींनी सांगितलं, की घोट्याचे बंध सैल झालेत. दुर्बीण घालून, बारीक छिद्रांतून, ते घट्ट शिवता येतील. केवढी खळबळ उडाली! मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत असलं ऑपरेशन कुणी ऐकलंही नव्हतं.

ते उत्तम झालं. प्लास्टर निघालं, तर पायावर नुसते तीन ठिपके.

"बस, इतकंच?" तनयाचे बाबा म्हणाले.

तिथेच घोळ झाला. छिद्रं लहान, म्हणून घरात कुमुदताई सोडून सगळ्यांना ऑपरेशनही लहान वाटू लागलं. दहा दिवसांवर संघाची निवड होती. एका दुपारी तनयाने मला ड्रॉवरमधून काढलं, पायात चढवलं आणि मैदानावर निघाली. मला केवढा आनंद झाला! आज त्याची लाज वाटते.

कुमुदताई दारातच उभ्या राहिल्या. "कुठे?"

"आई, प्लीज. एकच राउंड. बिल्कुल दुखत नाहीये."

"बाहेर तीन ठिपके दिसतात गं. आतली शिवण अजून कच्ची आहे. संघ पुढच्या वर्षीही असेल. उजवा पाय तुला एकच आहे."

तनया खूप रडली. निवड हुकली. मग रोज व्यायाम म्हणून एका पायावर तोल सांभाळत उभं राहायचं, महिनोन्‌महिने. कंटाळा यायचा, पण तिने एक दिवस चुकवला नाही.

पुढच्या वर्षी निवडीला कुमुदताईंनी मला पिशवीतून नेलं. तनयाने मला हातात घेतलं, क्षणभर पाहिलं आणि परत दिलं. "आज नको, आई."

ती उघड्या घोट्याने धावली! खांब जवळ आला. कुमुदताईंनी मला मुठीत गच्च आवळलं. तनया वळली. पाय टिकला! पुन्हा वळली, आणि मी आनंदाने वेडा झालो.

मित्रांनो, घोटा वारंवार मुरगळत असेल, तर माझ्या भरवशावर धावू नका. वेळेत डॉक्टरांना दाखवा, आणि पायाला बरं व्हायला हवा तेवढा वेळ द्या. त्या दिवसापासून मला काहीच काम नाही, आणि इतका सुखी मी कधीच नव्हतो.